पंधरा इकडे, पंधरा तिकडे

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या स्टेडियमच्या मागच्या दारात दोन लांब ट्रक येऊन उभे राहिले आणि लेस्टर बॉडनारने मनातल्या मनात विद्यापीठाची नोकरी नाकारली. नकार कळवायला त्याला दुपार झाली, पण ठरले ते ट्रकचे दार उघडले तेव्हाच. आत नवे कोरे बास्केटबॉलचे कोर्ट होते. मेपलच्या लाकडाची पॅनेल, एकावर एक रचलेली, कारखान्यातल्या वॉर्निशचा वास अजून ताजा.

लेस्टर हा स्टेडियममध्ये कोर्ट घालणाऱ्या टोळीचा मुकादम. इमारत एकच, पण तिथे आज आइस हॉकी, उद्या गाण्यांचा जलसा, परवा सर्कस आणि हिवाळाभर ‘ग्लासमेन’, म्हणजे काचवाले, या व्यावसायिक संघाचे बास्केटबॉल सामने. खाली बर्फ कायमचा. त्यावर थंडी अडवणारे जाड तक्ते आणि तक्त्यांवर कोर्टाची पॅनेल एकमेकांत अडकवत जायची. सामना संपला की सगळे पुन्हा उचलायचे. प्रेक्षक यायच्या आत त्याचे काम झालेले असे आणि ते गेल्यावर परत सुरू होई, त्यामुळे इतक्या वर्षांत त्याने एकही सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला नव्हता. संघ हरत असला की लोक लवकर उठत आणि टोळीला लवकर घरी जाता येई, एवढाच त्याचा निकालाशी संबंध. घरी लवकर जाणे गेल्या काही हंगामांत बरेच झाले होते.

विद्यापीठाची नोकरी त्याच्या बायकोने शोधून काढली होती. आर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिथे भाजी पुरवणाऱ्याकडून तिला कळले, की वीस मैलांवरच्या विद्यापीठाला व्यायामशाळेच्या फरशीची निगा राखायला माणूस हवा आहे. पगार थोडा कमी, पण बाराही महिने. शिवाय दोघांचा आरोग्य विमा. स्टेडियममध्ये तासाप्रमाणे पैसे मिळत आणि मे संपला की तास आटत. लेस्टर जाऊन भेटून आला. कर्ट नावाच्या तिथल्या व्यवस्थापकाने त्याला सगळे दाखवले, जुलैअखेर सांगा म्हणाला, आणि तुमच्यासारखा माणूस मिळाला तर आमचे नशीब, असेही म्हणाला.

आर्लीन बाहेर गाडीत थांबली होती. परत येताना तिने कसे वाटले विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, की तिथले कोर्ट खाली चिकटवलेले आहे.

“मग? चिकटवलेलं बरंच की. उचलायला नको.”

“तेच. उचलायचंच नाही. नुसतं पुसायचं.”

“लेस्टर, तू एकसष्ट वर्षांचा आहेस,” आर्लीन म्हणाली. “पुसायला लागलास तर आभाळ कोसळणार नाही.”

त्या वसंतात शहरात मतदान झाले होते. संघाच्या मालकाला नवे स्टेडियम हवे होते आणि त्यासाठी विक्रीकरात अर्धा टक्का वाढ. लोकांनी ती फेटाळली. आर्लीनने विरोधात मत दिले आणि घरी येऊन तसे सांगितले. कोट्यधीशाला छप्पर बांधून द्यायला माझ्या पावाच्या लादीवर कर कशाला, असे तिचे म्हणणे. लेस्टरने बाजूने मत दिले होते, पण तो बोलला नाही. मतदानानंतर मालक पत्रकारांना म्हणाला, की संघ दुसऱ्या शहरात हलवण्याचा सध्या विचार नाही. त्यातल्या ‘सध्या’ या शब्दावर टोलेडोत पुढचे दोन महिने चर्चा चालली. काच कारखान्यांच्या या शहरातून एवढ्या गोष्टी निघून गेल्या होत्या, की लोकांना जाण्याची पूर्वचिन्हे ओळखता येतात असे वाटे.

आणि तरी जुलै उजाडला तसे शहराचे मन पालटले. जुलैत करार संपलेले खेळाडू नवा संघ धरतात. कोण कुठे जातो, यावर त्या देशात हंगामापेक्षा जास्त बोलले जाते. टायरिल गेन्स हा टोलेडोच्याच उत्तर भागातला मुलगा, बारा वर्षे बाहेर खेळून नावारूपाला आलेला, त्याने ग्लासमेनशी पाच वर्षांचा करार केला. रेडिओवरचा निवेदक सकाळभर तेच घोळवत होता. जाणारा मालक पाच वर्षांसाठी घरचा पोरगा विकत घेईल का? न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, हंगेरियन सॉसेजच्या दुकानात, सगळीकडे लोक एकमेकांना हाच प्रश्न विचारत आणि प्रश्नातच उत्तर असल्यासारखी मान हलवत.

दुसरा आधार गणिताचा होता. लीगमध्ये तीस संघ, पंधरा पूर्व गटात आणि पंधरा पश्चिम गटात. मालकाचा डोळा पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन डिएगोवर आहे, हे सर्वांना ठाऊक होते. ग्लासमेन तिकडे गेले तर पूर्वेत चौदा उरतील आणि पश्चिमेत सोळा होतील. मग सामन्यांचे वेळापत्रक कसे लावणार? अंतिम फेऱ्यांत कोण कोणाशी खेळणार? लीगला हे परवडणार नाही, असे रेडिओवाला सांगे आणि लेस्टरला ते पटे. आयुष्यभर तो असेच काम करत आला होता. एक पॅनेल जास्त झाले तर कोर्ट बसत नाही.

आता तिसरा आधार ट्रकमधून उतरत होता.

स्टेडियमची व्यवस्थापक जोन प्रेंटिस हातात कॉफी घेऊन खाली आली. कोर्ट एकदा घालून बघा, कुठे फट राहते का, कुठे पॅनेल हलते का, ते तपासून परत उचलून ठेवा, असे तिने सांगितले. टोळीने तक्त्यांवर कोर्ट घातले. लेस्टरने बूट काढले आणि मोज्यांनी सगळ्या सांध्यांवरून चालत गेला. त्याच्या तळव्याला एकही कड लागली नाही. जुने कोर्ट कडेला फुगले होते आणि एका कोपऱ्यात चेंडू मेल्यासारखा उठे, त्याबद्दल खेळाडू त्याला शिव्या घालत. हे कोर्ट सुरेख होते. फक्त मधले वर्तुळ कोरे होते. तिथे संघाचे चिन्ह असायला हवे. लेस्टरने प्रेंटिसला विचारले, तेव्हा ती म्हणाली की नवीन चिन्ह तयार होते आहे, रंगारी सप्टेंबरात येईल, आणि फोन आला म्हणून वर निघून गेली.

ओटिस पेटवे वर्तुळापाशी उकिडवा बसला होता. लेस्टरबरोबर तो पहिल्यापासून काम करत होता आणि कशावरच विश्वास न ठेवण्याची त्याला सवय होती.

“मधे कोरं का रे, लेस?”

“ऐकलंस ना. नवीन चिन्ह.”

“हं.”

“ओटिस, जाणारा माणूस नवीन कोर्ट कशाला घेईल? याची किंमत माहितीये तुला?”

“बायको नवीन सुटकेस घेऊन आली, तर ती घरी राहणार असं धरतोस का तू?”

टोळीतले दोघेतिघे हसले. लेस्टरही हसला, पण मग त्याने ओटिसला पंधरा-पंधराचे गणित पहिल्यापासून सांगितले. ओटिसने ते पूर्वीही ऐकले होते.

“हा संघ आपल्याकडे आला तो रोचेस्टरहून,” ओटिस म्हणाला. “त्यांच्याकडे गणित शिकवत नव्हते का?”

दुपारी जेवणाच्या सुट्टीत लेस्टरने मागच्या दारात उभे राहून विद्यापीठात फोन लावला. कर्टला त्याने आभार मानून नकार कळवला. कर्ट म्हणाला, तुम्ही पक्के ठरवले असेल तर माझा आग्रह नाही, दुसरा उमेदवार उद्याच यायला तयार आहे. लेस्टर म्हणाला, पक्के ठरवले आहे. आर्लीनला मात्र त्याने त्या दिवशी काही सांगितले नाही. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला, गेन्सच्या नावाने स्टेडियम भरले, टोळीला तास मिळू लागले, की मग सांगायचे, असा त्याचा बेत होता. तोवर ती विचारी, तेव्हा तो म्हणे की विद्यापीठांची कामे सावकाश चालतात.

ऑगस्टच्या एका सकाळी तो स्टेडियमच्या तळघरात बर्फ गोठवणाऱ्या यंत्राच्या नळ्या पुसत होता. कोपऱ्यातल्या रेडिओवर सॅन डिएगोहून पत्रकार परिषद लागली. संघ याच हंगामापासून इकडे येतो आहे, असे मालक बोलला, तिथला महापौर बोलला, मग गेन्स. आपल्याला कॅलिफोर्नियाचे ऊन आवडते, असे तो म्हणाला, आणि टोलेडोतल्या आईची आठवण काढली. करारावर सही करताना त्याला हे माहीत होते का, असे एका पत्रकाराने विचारले. त्याने आपण खेळाडू आहोत एवढेच उत्तर दिले. रेडिओवाल्याने नंतर सांगितले की सॅन डिएगोत दोन तासांत हंगामाची तिकिटे संपली, ती गेन्समुळेच.

गटांचा प्रश्न एका वाक्यात मिटला. सेंट लुईसचा संघ पश्चिमेतून पूर्वेत येईल. तो संघ कित्येक वर्षे तशी मागणी करत होता, हे लीगच्या प्रवक्त्याने जाता जाता सांगितले. पश्चिम किनाऱ्यावर जाऊन उशिरापर्यंत खेळण्याचा त्यांच्या लोकांना कंटाळा आला होता. पंधरा इकडे आणि पंधरा तिकडे. लेस्टरच्या गणितात चूक कुठेच नव्हती. दुसरा कोणीतरी जागा बदलायला तयार असेल, एवढे त्याने धरले नव्हते.

‘ग्लासमेन’ हे नाव आणि निळा-पांढरा रंग मालकाने टोलेडो शहराला ठेवून दिला. सॅन डिएगोला काचेचे काय करायचे होते. कोर्ट मात्र त्याचे होते.

त्यानंतरच्या सोमवारी प्रेंटिस खाली आली. तिच्या हातात कॉफी नव्हती. तिने सांगितले की कोर्ट भरून द्यायचे आहे, ट्रक बुधवारी येतील, टोळीला पूर्ण दिवसाचे पैसे मिळतील.

“तिकडे कुणी लागणार आहे का?” लेस्टरने विचारले. “निदान पहिला महिना. हे कोर्ट आम्ही घातलेलं आहे, आम्हाला माहीत आहे.”

“मी विचारलं होतं, लेस्टर. त्यांची त्यांची माणसं आहेत. युनियनची.”

“बरं.”

“आणि इथं पुढे... आठवड्याला एखादा कार्यक्रम. चौदा माणसं ठेवता येणार नाहीत. पाच जण राहतील. मुकादमाची वेगळी जागा नसेल. काम असेल तेव्हा आम्ही फोन करू.”

लेस्टरने विचारले, की पाच कोण, ते कोण ठरवणार. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हीच सांगाल.

बुधवारी पॅनेल भरताना ओटिसने हळूच सुचवले, की क्रम बिघडवून टाकू. पॅनेलच्या पाठीवर नंबर असतात आणि घालायचे त्याच्या उलट क्रमाने ती रचावी लागतात. कशीही कोंबली तर तिकडच्या माणसांना सगळी बाहेर काढून, जमिनीवर पसरून शोधत बसावे लागेल. उन्हात, ओटिस म्हणाला, ते प्रसिद्ध ऊन आहे ना त्यांचं.

“नको,” लेस्टर म्हणाला.

“का? कोण विचारणार आहे?”

“शोधत बसतील ती आपल्यासारखीच पोरं. मालक नाही.”

ओटिसने खांदे उडवले. मग तो म्हणाला, की पाचांत माझं नाव घालू नकोस, मला शहराच्या बसवर जागा मिळते आहे. लेस्टरने विचारले, कधीपासून ठरले. ओटिस म्हणाला, मेपासून. मतदान झाले त्या आठवड्यातच त्याने अर्ज दिला होता. एवढी वर्षे बरोबर काम करून त्याने ते सांगितले नव्हते, पण लेस्टरनेही आर्लीनला अजून काही सांगितले नव्हते.

पॅनेल नीट भरली गेली. ट्रक गेले.

घरी आर्लीन कोंबडीचा पाप्रिका रस्सा करत होती. शाळा सुरू व्हायला अजून आठवडा होता. लेस्टर हात धुऊन टेबलाशी बसला आणि प्रेंटिस काय म्हणाली ते त्याने सांगितले. पाच माणसे, फोन आला तर काम. आर्लीनने पाठ न वळवता ऐकून घेतले. तिने संघाबद्दल काही टोमणा मारला नाही, मतदानाचा विषयही काढला नाही. ती नेहमीपेक्षा मऊ आवाजात बोलली.

“बरं झालं आपण तिकडे बोलून ठेवलंय. उद्या त्या कर्टला फोन कर. किती दिवस ताटकळत ठेवणार आहेत? म्हणावं, मी सोमवारपासून येतो.”

लेस्टर मिठाची बाटली पुढे-मागे सरकवत राहिला.

“त्यांनी ताटकळत ठेवलेलं नाही,” तो म्हणाला. “ते हो म्हणाले होते. मी नाही म्हणालो.”

आर्लीन वळली. “कधी?”

“कोर्ट आलं त्या दिवशी.”

“म्हणजे महिना झाला.”

“हो. परवा परत फोन केला होता. जागा भरली.”

रस्सा उकळत होता. तिने आच कमी केली आणि चमचा बशीत ठेवला.

“ते पंधरा-पंधराचं तू मला तीनदा समजावून सांगितलंस,” ती म्हणाली. “जेवताना सांगितलंस, गाडीत सांगितलंस, मी आंघोळ करत होते तेव्हा दाराबाहेरून सांगितलंस. हे एकदा सांगायला काय झालं होतं?”

“वाटलं, ऑक्टोबरात सांगू. तेव्हा तुला काही वाटणार नाही.”

“ऑक्टोबरात.”

“हो.”

तिने हात फडक्याला पुसले. रागावली असती तर त्याला सोपे गेले असते. पण ती मनात काहीतरी जुळवत होती, विम्याचा हप्ता असेल, किंवा शाळेत संध्याकाळचे जास्तीचे काम मागता येईल का ते असेल.

“कुणाला घेतलं त्यांनी?” तिने विचारले.

“एक पोरगा आहे. कर्ट म्हणाला, चांगला आहे. सव्वीस वर्षांचा.”

“मग तो आता तिथे तीस-पस्तीस वर्षं राहील,” आर्लीन म्हणाली, आणि तिने दोन ताटल्या काढल्या.