पहिल्या स्लाइडवरची आई

"ही साडी नको. यात त्या गरीब वाटत नाहीत."

सर मला सांगत होते, माझ्या आईसमोर. आमच्याच वडगावच्या घरात, हातमागापाशी, पायात बूट. मागापाशी आम्ही कुणी चपला घालून जात नाही.

आईनं ठेवणीतली साडी काढली होती. सुताच्या कांड्या तिनं भरलेल्या, विणलेली आप्पांनी, माझ्या वडलांनी.

"बदल," मी म्हटलं.

"फोटूला चांगलीच नेसत्यात की गं."

"आई, बदल म्हटलं ना!"

ती आत गेली. फाटलेली, दंड घालून शिवलेली साडी नेसून आली.

सर ऑनलाइन साड्या विकतात. बेळगावच्या त्यांच्या ऑफिसात मी पोस्टी बनवायची, नोकरी-धंद्यातली माणसं बोटानं सरकवत बघतात तसल्या. लोक दुसऱ्या स्लाइडपुढं जात नाहीत, ही सरांची तक्रार. उपाय मीच शोधला. एका स्लाइडवर एकच वाक्य आणि सुरुवातीलाच चटका. पहिल्यावर आई: 'या बाईला आपल्या कलेची किंमतच माहीत नव्हती.' दुसऱ्यावर: 'मग आम्ही तिच्या दारात गेलो.' सगळं इंग्रजीत. शब्द माझे. सर फक्त म्हणाले, "अजून थोडं रडव."

पोस्ट तुफान चालली.

"काय लिवलंय गं?" आईनं विचारलं.

"तुझं कौतुक."

तिनं गल्लीभर मोबाइल दाखवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पोस्ट तशीच राहू दिली.

मग मीटिंगमध्ये सर म्हणाले, "हिच्या आईचा चेहरा म्हणजे सोनं! तुमच्या गल्लीत अशा अजून असतील की. शोध."

सगळे हसले. मीही हसले. ते हसू माझं मलाच ऐकू आलं, आणि किळस आली.

"न्हाय शोधणार," मी म्हटलं. ऑफिसात घरची भाषा मी कधी बोलत नसे. "ती पोस्ट काढा."

"पर्सनल घेऊ नकोस."

पासवर्ड माझ्याकडंच होता. त्यांच्यादेखत काढली. नोकरी तिथंच संपली.

घरी आईला एकेक स्लाइड मराठीत सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हे तू लिवलंस?"

"व्हय."

ती उठून कांड्या भरायला बसली. माझ्याकडं बघितलं नाही. माफी मागायला मला तोंड नव्हतं, अजूनही नाही.

आज मी माझ्या नावानं पोस्ट टाकली. मराठीत. आधी आईला वाचून दाखवली, मगच. पहिल्या स्लाइडवर माझा फोटो. खाली लिहिलंय: आईला गरीब दिसायला लावलं, ती मी. सरांचं नाव दुसऱ्या स्लाइडवर आहे. वकिलाची नोटीस येऊ दे. ही पोस्ट निघणार नाही.