जावेचा गुलाल आणि माझं कुलूप

माझ्या धाकट्या जावेची विजयाची मिरवणूक निघाली, तेव्हा मी आमच्याच घरात कुलपात होते. कुलूप बाहेरून होतं आणि ते मीच लावून घेतलं होतं.

हे असं का झालं, त्यात माझी बाजू आधी ऐका. (दुसरी बाजू सगळ्या शिराळा तालुक्यानं ऐकलेली आहे.) नव्वदच्या दशकातली गोष्ट. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड पहिल्यांदाच बायकांसाठी राखीव झाला. पॅनेल उभं करणारे आबा आमच्या दारात आले. घरातली थोरली सून मी, सातवी शिकलेली मी, तेव्हा विचारायचं ते मलाच!

“सूनबाई, उभं ऱ्हाताय का?”

“छ्या वो आबा, मला कुठलं जमतंय!”

आता साध्या चहालासुद्धा आपल्याकडं दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा कप घ्यायचा, ही रीत. मी पदर सावरून आबांच्या दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभी राहिले. तर आबा “बरं बरं” म्हणाले आणि अंगण ओलांडून थेट माझ्या जावेच्या, शेवंताच्या दारात गेले! ती गोठ्यात शेण काढत होती. हातातली पाटी खाली ठेवून म्हणाली, “व्हय, ऱ्हाते की!” पहिल्याच विचारण्याला! बाईला काही वळण म्हणून नाही.

आणि निवडून आली. मी जळले. उगाच शब्द फिरवत नाही, जळलेच.

निकालानंतर जो तो माझ्या दारावरून पुढं जाऊन तिच्या दारात टेकायला लागला. काल-परवापर्यंत जिला ‘शेवंते’ म्हणत, तिला ‘बाईसाहेब’ म्हणायला लागले. पाहुण्यांना चहा तिच्या घरी आणि त्यातली साखर माझ्या डब्यातून! आमची म्हैससुद्धा तिच्या दाराकडं तोंड करून रवंथ करायला लागली. मी यांच्यापाशी, म्हणजे आमच्या मालकांपाशी, कुरकुर केली, तर म्हणतात, “आगं, आपल्याच घरातली हाय ती.”

“मग जावा तिच्यातच जेवायला!”

गेले. आणि जेवून आले! वर म्हणाले, “झुणका लय झकास हुता.”

तशात मिरवणूक ठरली. दारात मिरवणूक आली की घरच्या बाईनं औक्षण करायचं, आणि पहिला मान थोरल्या जावेचा. म्हणजे ताट मी धरायचं, कुंकू मी लावायचं, आणि पाटावर ती! त्यापेक्षा मी आडात उडी घेतली असती. (आडाला पाणी नव्हतं, म्हणून कुलपाचं सुचलं.)

“बाहेरनं कुलूप लावा,” मी यांना सांगितलं, “आनि कुनी इचारलं तर म्हना, म्हायेरी गेलीया.”

यांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि मिरवणुकीत नाचायला निघून गेले.

हलगी वाजत दारात आली. मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. शेवंता मध्ये उभी, गळ्यात हार, आणि अंगावर माझी मोरपंखी साडी! पंचमीला नेसते म्हणून नेलेली, ती परत आलीच नव्हती. आणि सगळ्यांच्या पुढं, आपादमस्तक गुलाबी होऊन, नाचत होते कोण? हेच!

“आक्का कुठं हायती?” शेवंतानं विचारलं.

“म्हायेरी गेलीया,” हे नाचता नाचता म्हणाले.

“कवा येनार?”

“सांच्या गाडीनं.”

(हा माणूस कुपवाडच्या कारखान्यात मशीन उत्तम चालवतो. थाप मात्र चालवता येत नाही.)

“मग थांबूया की,” शेवंता म्हणाली. “थोरल्या जावंनं ववाळल्याबिगर मी फुडं जायची न्हाई.”

आणि सगळं गाव माझ्या दारात बसलं! बसून करणार काय? गुलाल उधळायला लागलं. तो दाराखालून आला, फटीतून आला, कौलातून आला. मी नाकात पदर कोंबला. पहिली शिंक हलगीच्या आवाजात खपली. दुसरी आली तेव्हा मेला हलगीवाला नेमका बिडी पेटवायला थांबला होता.

“घरात कोन हाय?” आबा दचकले.

“मांजार असंल,” हे म्हणाले.

मी परत शिंकले.

“मांजार शिंकतंय व्हय रं? चोर शिरलाय! किल्ली आन!”

“किल्ली... तिच्यासंगं म्हायेरी गेलीया.”

कुणीतरी धोंडा आणला. दोन घावांत कुलूप निखळलं, दार उघडलं आणि काठ्या उगारून माणसं आत घुसली. समोर मी. तोंड गुलाबी, नाकाला धार, आणि ऐन वेळी काही सुचेना म्हणून हातात औक्षणाचं ताट.

उगारलेल्या काठ्या एकेक करून खाली आल्या.

“सूनबाई,” आबा म्हणाले, “तुमी म्हायेरी हुता न्हवं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शिंकच आली.

शेवंतानं तुटलेलं कुलूप बघितलं, यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. संपले, म्हटलं मी. आता ही भर गावात माझी अब्रू काढणार, आणि तिच्या जागी मी असते तर मीही काढलीच असती! तर ती खाली वाकून माझ्या पाया पडली आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आक्कांनी नवस केलाय! माझा गुलाल दारात येईस्तवर कुलपात बसनार म्हनून द्येवाला बोलल्या हुत्या. कुनाला सांगायचं नव्हतं, म्हनून दाजी म्हायेरचं सांगत हुते.”

मग हळूच मला म्हणाली, “आक्का, ववाळा आता.”

टाळ्याच टाळ्या! आबांनी डोळे पुसले. बायका माझ्या पाया पडायला लागल्या. मी ओवाळलं, आणि खरं सांगते, तेव्हा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कधी वाटला नाही. भर गावासमोर, पापणी न हलवता, केवढी थाप मारली बाईनं! अशी बाई निवडून येणार नाही तर काय मी येणार?

नवसाची गोष्ट मात्र पंचक्रोशीत पसरली. पुढल्या निवडणुकीला शेजारच्या गावाहून जीप आली. पुढारी हात जोडून म्हणाले, “वैनी, तुमच्याबिगर आमचं पॅनेल येत न्हाई.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. “फॉर्म कवा भरायचा?”

“फॉर्म आमच्या मंडळींचा भरलाय. तुमी फकस्त आमच्या गावात येऊन कुलपात बसायचं. कुलूप आमी संगंच आनलंय.”

बसले. चार दिवसांनी त्यांची मंडळी बिनविरोध निवडून आली, आणि ते मला सांगायचं सगळेच विसरले!