टावेलाखालची तीन बोटं

उदगीरात सध्या अशी बातमी आहे की गुरुपादप्पा पाईपवाले मुंबईच्या आंतरराष्ट्रीय पाईप प्रदर्शनात गेले, तिथं त्यांनी एका जर्मन माणसाचा हात पिरगाळला आणि पोलिसांनी त्यांना दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. सलूनमध्ये ऐकलं तेव्हा जर्मन एकच होता. बातमी रसवंतीवर पोचली तोवर दोन झाले होते.

मी तिथं होते. गुरुपादप्पा माझे आज्जा, पप्पांचे वडील. तो माणूस जर्मन नव्हता, राजकोटचा होता. टाय मात्र होता. हात पिरगाळला नाही, धरला. आणि पोलीस म्हणजे एक सिक्युरिटीवाला. तो आला, "बाबा को चक्कर आया क्या?" म्हणाला आणि पाण्याची बाटली ठेवून गेला.

आज्जा पहिल्यापासून पाईपवाले नव्हते. बावीस वर्षं ते हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात दलाल होते. तिथं सौदा तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर टावेल टाकायचा आणि खाली बोटं धरून आकडा सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. समोरच्यानं शेवटी जेवढी बोटं धरली, तो त्याचा शब्द. त्यावर कागद नाही, सही नाही, आणि तिसऱ्या माणसानं मधे बोलायचं नाही.

पुढं बैल कमी झाले आणि बोअर वाढले, तेव्हा आज्जांनी पाईपचं दुकान टाकलं. पारख तीच ठेवली. बैलाला थाप, पाईपला टिचकी. "ठन्न वाजला तर माल, थप्प वाजला तर चुना," असं ते गिऱ्हाइकाला सांगतात. स्वस्त पाईपमध्ये चुन्याची भुकटी जास्त असते आणि तो दोन उन्हाळ्यांत तडकतो. टिचकीनंतर ते पाईपवर पाय देऊन उभे राहतात. मग विकतात.

दिवाळीनंतर कंपनीनं आमची एजन्सी काढून लातूरच्या एका मोठ्या शोरूमला दिली. दुकानात रिकामे रॅक राहिले आणि मधोमध आज्जा. पप्पांनी एका चहाच्या कंपनीशी बोलणं लावलं. दुकान त्यांना भाड्यानं द्यायचं.

"बाबा, पाडव्याला चहावाले माप घ्यायला येणारेत," पप्पा म्हणाले.

"कशाचं माप?"

"काउंटरचं."

"काउंटर हाय की आपलं."

"त्यांचं वेगळं असतंय. कपाच्या आकाराचं."

आज्जांनी थोडा वेळ कपाच्या आकाराचा विचार केला. "आन् पाडव्याच्या आत मी दुसरी कंपनी आनलो तर?"

"आणा की. कोण अडवलंय?"

पाडव्याला पंधरा दिवस होते. मुंबईच्या प्रदर्शनाची जाहिरात मोबाईलवर मीच दाखवली होती, आणि तिथं आत जायला मोबाईलवर काय काय दाखवावं लागतं म्हणून मला सोबत नेलं. कपाळाला विभूती, पांढरं धोतर, खांद्यावर टावेल आणि गळ्यात प्रदर्शनाचं कार्ड. कार्डावर मी 'डायरेक्टर' लिहिलं होतं, कारण त्या खान्यात 'आज्जा' बसत नव्हतं.

हॉल बैलबाजाराएवढा होता, पण शेण नव्हतं. जर्मन, इटालियन, चिनी, सगळ्यांचे स्टॉल. स्टीलच्या नळ्या, तांब्याच्या नळ्या, नळ्या वाकवायची यंत्रं. आज्जा प्रत्येक स्टॉलवर नमस्काराऐवजी "शरणु शरणार्थी" म्हणत आणि टिचकी मारत. एका जर्मन बाईच्या स्टीलच्या नळीला टिचकी मारून त्यांनी डोळे मिटले.

"घंटीवानी हाय बग. पन आमच्या शेतात कोन घालतंय?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं की त्यांना आवाज आवडला. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

दुपार झाली तरी शेतीचा पाईप दिसेना. शेवटी तिसऱ्या हॉलच्या कोपऱ्यात, पाण्याच्या मशीनशेजारी, राजकोटच्या हरेशभाईंचा स्टॉल सापडला. आज्जांनी टिचकी मारली. ठन्न. चप्पल काढून पाईपवर उभे राहिले. पाईप दबला आणि पुन्हा गोल झाला.

"गॅरंटी कित्ती देते?" आज्जा बाहेरच्या माणसाशी हैदराबादी बोलतात.

"एक साल, दादाजी. सब कंपनी इतना ही देती है."

"एक साल के बाद फट्या तो लोगां तुमारे घर कू आते क्या? मेरे घर कू आते."

हरेशभाई हसले. आज्जा हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा टावेल काढला, हरेशभाईंच्या हातावर टाकला आणि खालून हात घातला.

हरेशभाईंचं हसू तिथंच राहिलं. आज्जांनी पाची बोटं धरली होती, म्हणजे पाच वर्षं; हे मला त्यांनी नंतर सांगितलं. हरेशभाई माझ्याकडं बघू लागले. मी तोंड उघडलं.

"गप," आज्जा म्हणाले. "सौदा चाललाय."

असा सौदा चार मिनिटं चालला. हरेशभाई कधी टावेलाकडं बघत, कधी विभूतीकडं. सिक्युरिटीवाला पाणी देऊन गेला तो याच वेळी. मग हरेशभाईंनी हात सोडवून घ्यायची खटपट केली आणि त्या खटपटीत आज्जांची तीन बोटं त्यांच्या मुठीत आली.

आज्जांनी टावेल उचलून खांद्यावर टाकला. "तीन. पक्का."

"क्या पक्का?"

"तुम बोले, मैं सुन्या."

हरेशभाईंनी दुकानाचा पत्ता लिहून घेतला आणि म्हणाले, "हम आप को ज़रूर कॉल करेंगे." तो 'ज़रूर' मला ओळखीचा होता. आमचे प्राचार्य सहलीबद्दल बोलताना तोच वापरतात.

गाडीत बसल्यावर आज्जांनी पप्पांना फोन लावला. "एजन्सी झाली. तीन वर्सं गॅरंटी."

"कागद कुठंय?"

"हाताला कागद लागतंय का रे?"

पप्पांनी फोन ठेवला आणि चहावाल्यांना पाडव्याची वेळ पक्की केली. मग मीही बोलले, "आज्जा, मालाची गाडी येत नसतीय. लावा पैज."

"आली तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

"दिवाळीपातूर माझा आवाज काढायचा न्हाई."

मला वाटत होतं त्यांना ठाऊक नाही. क्लासच्या बाईंना आज्जांच्या आवाजात फोन करून मी चारदा सुट्टी घेतली होती. "चारदा न्हाई, पाचदा," आज्जा म्हणाले. मी हो म्हणाले. हरण्याचा प्रश्नच नव्हता.

पाडव्याच्या सकाळी दहा वाजता चहावाले फीत लावून माप घेत होते. आज्जा रिकाम्या रॅकला टेकून उभे होते आणि फितीचं दुसरं टोक त्यांच्याच हातात दिलं होतं. तेवढ्यात दुकानासमोर गुजरात पासिंगचा ट्रक थांबला. ड्रायव्हरनं विचारलं, "गुरुपादप्पा कौन?"

आज्जांनी फीत सोडली.

पप्पांनी हरेशभाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"क्या बताऊँ, वीरेशभाई," हरेशभाई म्हणाले. "घर जा के मैंने बापुजी को ये किस्सा सुनाया, हँसते हँसते. बापुजी पहले बैलों का काम करते थे. वो नहीं हँसे. बोले, तूने उंगली कितनी पकड़ी थी? मैंने कहा, तीन. बोले, तो माल भेज, और तीन साल लिख के दे."

पप्पा बराच वेळ "हां जी, हां जी" एवढंच म्हणत राहिले. मग त्यांनी समोरच्या टपरीवरून चहावाल्यांसाठी चहा मागवला. चहावाल्यांनी फीत गुंडाळली, चहा प्याले आणि बरा आहे म्हणाले.

आज्जा पाईप उतरवून घेत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "दिवाळी कवा हाय गं अंजू?"

दिवाळीला सात महिने आहेत. काल क्लासमध्ये पोरींनी लईच आग्रह केला म्हणून मी पप्पांचा आवाज काढला. कुणी हसलं नाही.