जुन्या भावाची थ्री-नॉट-थ्री

एल्डन क्रेप्सला त्याच्या बापाने शेवटचं मारलं ते एका बंदुकीपायी. साल एकोणीसशे सत्तावन्न. एल्डन तेव्हा सतरा वर्षांचा होता. हिवाळाभर ओढ्यात सापळे लावून त्याने पाणउंदरांची कातडी विकली, शिकारीच्या मासिकाच्या मागच्या पानावरची जाहिरात कात्रीने कापली, खाली नाव-पत्ता लिहिला आणि चौदा डॉलर पंच्याण्णव सेंटची मनिऑर्डर लावून दिली. इंग्रज फौजेतून निवृत्त झालेली थ्री-नॉट-थ्री रायफल रेल्वेने आली. लाकडी खोका, आत पिवळं घट्ट ग्रीस, आणि ग्रीसमध्ये बुडालेली ती.

बापाने स्वयंपाकघरातलं टेबल बरबटलेलं पाहिलं आणि कमरेचा पट्टा काढला. एल्डनची पाठ फुटेपर्यंत तो मारत होता. आईने मध्ये हात घातला तर तिच्याही मनगटावर वळ उठला. मग दमून बाप खुर्चीत बसला, रायफल उचलली, बोल्ट मागेपुढे केला, नळीतून खिडकीकडे बघितलं.

"किती म्हणालास?"

"चौदा पंच्याण्णव."

"मग माझ्यासाठी पण एक मागव की, गाढवा!"

ही गोष्ट एल्डन पुढे पन्नास वर्षं सांगत आला. सांगताना पाठीवर हात नेऊन हसायचा. ऐकणारेही हसायचे. आमच्या डोंगरांत, पेनसिल्व्हेनियाच्या वरच्या अंगाला, बहुतेकांच्या बापांनी असंच काही ना काही केलेलं होतं.

त्या रायफलने त्याने दरवर्षी हरीण पाडलं. सॉ मिलमध्ये जन्म काढला. करवतीने डाव्या हाताची दोन बोटं नेली, त्या वर्षीही तो पट्टी बांधलेल्या हातावर नळी टेकवून रानात बसला होता. माणूस अबोल. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा, सभेत कधी तोंड न उघडणारा. मोकळा व्हायचा तो फक्त शनिवारी सकाळी, नेमबाजी क्लबच्या पत्र्याच्या खोलीत.

तिथे लाकडाची शेगडी होती, कॉफीची किटली होती आणि पन्नास-साठ सालच्या मासिकांचा एक मोठा ढीग होता. निवृत्त म्हाताऱ्यांचा खेळ ठरलेला. एकाने जाहिरात वाचायची, बाकीच्यांनी भाव ओळखायचा. चुकेल त्याने सगळ्यांना कॉफी ओतायची.

"जर्मन मॉझर. बोला!" बर्नी होल्टने, पूर्वीच्या सैनिकाने, आरोळी ठोकली की खोली जागी व्हायची.

"एकोणतीस पंच्याण्णव."

"घाल कॉफी! चोवीस पन्नास. आणि ही बघा, फिनलंडची रणगाडा फोडायची तोफ. शंभराच्या आत! पाठवणावळ गिऱ्हाइकाकडे."

"एल्डन, ती मागवली असतीस तर तुझ्या डोरिसने आधी तुलाच फोडलं असतं."

"तेवढ्या पैशांत आता माझ्या बायकोचे केसही रंगत नाहीत," ग्लेन फ्रँट्झ म्हणायचा. ग्लेन पूर्वी पोस्टमन होता. यातल्या कितीतरी बंदुका त्याने स्वतः दारोदार पोचवल्या होत्या.

भावापेक्षाही एल्डनला त्या काळाची दुसरी एक गोष्ट गोड वाटायची. सतरा वर्षांच्या पोराला कुणी काही विचारलं नव्हतं. तू कोण, कशाला हवी, कुठं राहतोस, काही नाही. पैसे पाठवले, बंदूक आली. कुणीतरी आपल्याला माणसात धरलं, असं त्याला वाटलं होतं. बापाने कधी तसं धरलं नव्हतं.

याच गोडीतून क्लबात एक रीत पडली होती. हरणांच्या शिकारीचा मोसम सोमवारी उघडतो, त्याच्या आदल्या शनिवारी एका सभासदाने आपली एक बंदूक जाहिरातीतल्या जुन्या भावाने विकायची. घेणाऱ्याने जाहिरातीच्या झेरॉक्सवरचं कूपन कापायचं, नाव लिहायचं, रोख मोजायची. आणि विकणाऱ्याने एक अक्षर विचारायचं नाही. विचारणं म्हणजे खेळ मोडणं.

त्या वर्षी पाळी एल्डनची होती. खांदा आता धक्का सोसत नव्हता. त्याने थ्री-नॉट-थ्री पुसून, तेल देऊन आणली.

ट्रॉय लँडिस नावाचा दगडखाणीवरचा एक तरणा गडी महिनाभर क्लबात येत होता. येताना साखरेत घोळवलेले डोनट आणायचा, शेगडीत लाकडं सरकवायचा, म्हाताऱ्यांच्या गोष्टी तोंड उघडं टाकून ऐकायचा. भाव तर असे अचूक ओळखायचा की बर्नी त्याला 'प्रोफेसर' म्हणू लागला होता. कूपन त्यानेच सर्वांत आधी कापलं.

"बघ हं, प्रोफेसर," बर्नी म्हणाला, "ही बाई एल्डनबरोबर डोरिसच्याही आधीपासून नांदलीय. नीट वागव."

"बायकांना कसं वागवायचं ते मला समजतं," ट्रॉय म्हणाला. सगळे हसले. ग्लेन हसला नाही. तो उठून शेगडीकडे गेला आणि पेटलेल्या विस्तवातच काटकी खुपसत बसला.

रायफल देताना एल्डनने दस्त्यावरून एकदा हात फिरवला. ट्रॉयने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. वीस काडतुसं एल्डनने आपणहून वर घातली.

रविवारी चर्चहून आल्यावर डोरिसने कोंबडीच्या रश्शातलं पॉटपाय वाढलं आणि एल्डनने तिला सांगितलं, बंदूक चांगल्या घरी गेली.

"कुणाच्या?"

"ट्रॉय लँडिस. खाणीवरचा. चांगला पोरगा आहे."

डोरिसने डाव पातेल्यात टाकला. रस्सा टेबलावर उडाला.

"ट्विलाचा नवरा? एल्डन, त्याने मोडलेला तिचा जबडा तारांनी बांधलाय! पुलापलीकडे आईकडे, ब्लांशकडे येऊन पडलीय, नळीने सूप ओढते. कोर्टाने त्याच्या सगळ्या बंदुका काढून घेतल्या. शेरीफ स्वतः येऊन घेऊन गेला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

एल्डनला काल न हसता शेगडीकडे गेलेला ग्लेन आठवला. त्याने ग्लेनला फोन लावला.

"तुला माहीत होतं?"

"विचारायचं नाही, असं आपलंच ठरलंय ना," ग्लेन म्हणाला. "मला वाटलं, तुझ्या आनंदात कशाला..."

एल्डनने फोन आपटला. डोरिसने तोच उचलून पोलिसांचा नंबर फिरवला, पण त्यांची चौकी डोंगरापलीकडे. "ते येईपर्यंत थांब," ती म्हणाली.

"मी विकली. मीच आणतो."

"त्याने तुला मारलं तर?"

"तर तिला मारायला एक गोळी कमी," तो म्हणाला आणि ट्रकची किल्ली घेतली.

ट्रॉयचं घर खाणीपाशीच होतं; त्या रस्त्याला लागताच बार ऐकू आले. ट्रॉयने खाणीच्या उभ्या भिंतीशी ट्विलाच्या स्वयंपाकघरातल्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला तिचा एकेक झगा बांधलेला. दोन खुर्च्यांच्या चिरफळ्या उडाल्या होत्या. तिसरीवरचा पिवळा झगा छातीपाशी फाटून लोंबत होता.

"या, मिस्टर क्रेप्स!" ट्रॉय आनंदाने ओरडला. तोंडाला दारूचा भपका येत होता. "काय मारते हो तुमची! डावीकडे जरा ओढते, पण कळलं आता मला."

"ट्रॉय, मला ती परत दे. हे दोनशे डॉलर."

"एका दिवसात एवढा भाव वाढला?" तो हसला. "जुना भाव म्हणजे जुनाच भाव. कूपन भरलंय मी."

"ट्विलाचं मला ठाऊक नव्हतं."

ट्रॉयचं हसणं गळून पडलं. "तुम्हाला ठाऊक असायचं कारणच काय? म्हणून तर तुमच्याकडे आलो. बाकी सगळीकडे नाव घेऊन सरकारी यादीत तपासतात."

एल्डनने पुढे होऊन नळी धरली. ट्रॉयने ती हिसडली आणि रायफलचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडलेलं एल्डनला ऐकू आलं. तो गुडघ्यांवर आला तेव्हा दुसरा तडाखा कानावर बसला, आणि तो दगडाच्या कपच्यांच्या ढिगावर पालथा पडला. ट्रॉयने त्याच्या बरगडीत बुटाची लाथ घातली, मग आणखी एक, सावकाश, जागा बघून.

"इथंच पडून राहा, म्हाताऱ्या. सासूबाईंना नवी बंदूक दाखवून येतो."

ट्रॉयची गाडी उताराला लागली. एल्डन रक्ताचा घोट थुंकून उठला. एका डोळ्याने दिसत नव्हतं. कानात भुंगा शिरल्यासारखं झालं होतं. तो ट्रकमध्ये चढला आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

पुलाच्या अलीकडे वळण आहे, तिथे सगळे वेग कमी करतात. ट्रॉयनेही केला. एल्डनने केला नाही. सॉ मिलची ओझी वाहून मुरलेला त्याचा ट्रक ट्रॉयच्या गाडीच्या कुशीत घुसला आणि तिला घेऊन कठड्यावर आदळला. काचा पावसासारख्या उडाल्या. एल्डनची छाती स्टिअरिंगवर चेपली. ट्रकच्या मागे ओंडके उलटवायचा दांडा असायचा, टोकाला लोखंडी आकडा असलेला. तो ओढून घेत एल्डन खाली उतरला, आणि त्याच वेळी पलीकडच्या फुटक्या खिडकीतून ट्रॉय बाहेर सरपटला. कपाळ फाटलेलं, हातात रायफल.

त्याने कमरेवरूनच बार काढला. गोळी एल्डनच्या गुडघ्याच्या वर लागली. पाय आपला नसल्यासारखा मागे गेला आणि तो गाडीवर कोसळला. ट्रॉयने बोल्ट ओढला. रिकामं काडतूस डांबरावर टणकन वाजलं. दुसरं आत सरकण्याआधी एल्डनने दांडा फिरवला.

पहिल्या घावाने ट्रॉयचं मनगट मोडलं, रायफल पडली. तिथं भागलं होतं. पण एल्डन थांबला नाही. गाडीला पाठ टेकून, एका पायावर, त्याने खांद्यावर घाव घातला, कोपरावर घातला. ट्रॉय पडला तेव्हा तो स्वतःही त्याच्यावर पडला आणि पडल्या पडल्या त्याच्या गुडघ्यावर मारत राहिला. ट्रॉय आधी शिव्या देत होता, मग आईला हाका मारू लागला. आकडा त्याच्या जाड कोटात अडकून बसला, निघेना, तेव्हा कुठे एल्डनचा हात थांबला. त्याने रायफल ओढून अंगाखाली घेतली आणि तिच्यावर पडून राहिला. मांडीतून रक्त वाहून कठड्याकडे चाललं होतं.

बार ऐकून पुलापलीकडच्या घरातून दोघी धावत आल्या. ब्लांशच्या हातात चुलीची सळई होती. ट्विला पुढे होती, हिरव्या-पिवळ्या झालेल्या गालांची, दात आवळून बांधलेली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, तो कण्हत होता. मग एल्डनकडे. मग त्याच्या अंगाखालून दिसणाऱ्या नळीकडे.

"बंदूक कुठून आली?" बांधलेल्या दातांतून तिचे शब्द चिरडून येत होते.

एल्डनला गप्प बसता आलं असतं. मरायला टेकलेल्या म्हाताऱ्याला कुणी छेडलं नसतं.

"मी विकली. काल. चौदा पंच्याण्णवला."

ट्विला त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने गळ्यातला स्कार्फ काढला, त्याच्या मांडीला गुंडाळला आणि गुडघा टेकून असा आवळला की तो किंचाळला.

"आणखी आवळ," ब्लांश म्हणाली. "मेला तर साक्ष कोण देणार?"

ट्विलाने आणखी आवळला. तिने त्याच्या तोंडाकडे पुन्हा पाहिलं नाही. पोलीस आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिने गाठही सोडली नाही.

एल्डनचा पाय डॉक्टरांनी मांडीपासून काढला. ट्रॉयला कोर्टाने तुरुंगात धाडलं. खटल्यात एल्डनने भाव सांगितला, रीत सांगितली, काडतुसं आपणच घातली तेही सांगितलं. ट्विला दोन बाकं सोडून बसली होती. तारा निघाल्या होत्या. निकालानंतर ती त्याच्यापाशी आली.

"तुमचे आभार मानायला मी आलेली नाही, मिस्टर क्रेप्स."

"नकोच मानूस."

"तुमच्या त्या लोकांना सांगाल का हे? मी सांगितलं तर ऐकणार नाहीत."

पुढच्या हिवाळ्यात, मोसमाच्या आदल्या शनिवारी, डोरिसने त्याला क्लबच्या दारात सोडलं. कुबड्या टेकत तो आत गेला आणि भर सभेत बोलायला उभा राहिला.

"यापुढे विकताना घेणाऱ्याची चौकशी करायची," तो म्हणाला. "घरी बायकोलाही विचारायचं. त्यांना सगळं ठाऊक असतं."

बर्नी अवघडून हसला. "अरे एल्डन, झालं ते वाईटच झालं. तुझ्याइतका मर्द या खोलीत दुसरा नाही. पण मग त्यात जुनी मजा काय राहिली? एका हलकटापायी आपण सगळ्यांनी..."

"तो हलकट इथेच बसायचा. त्याचे डोनट तूही खाल्लेस."

मग हात वर करून मत घेतलं. लोक शेगडीकडे बघत बसले.

एल्डन बाहेर आला. बर्फ भुरभुरत होतं. डोरिसने गाडीचं दार आतून ढकललं, कुबड्या मागे टाकल्या.

"काय झालं?"

"हरलो."

"सगळेच विरुद्ध?"

"ग्लेनने हात वर केला. आधी इकडेतिकडे बघितलं, पण केला."

"म्हणजे दोघे झालात," डोरिस म्हणाली आणि गाडी सुरू केली.