बिरसीच्या अंगणातला नकार

वंदनाचा फोन आला तेव्हा मी नागपुरात मेथी निवडत बसले होते. वंदना माझी जुनी मैत्रीण, गोंदियात कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. तिथल्या बायकांचं वाचन मंडळही तीच चालवते. वर्षभर त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या परदेशी लेखिकांच्या कादंबऱ्या मराठीतून वाचल्या होत्या आणि आता त्या लेखिकांचा सोहळा करायचा होता, तोही गोंदियाजवळच्या बिरसी गावात. गाऊन घालून ये, म्हणाली. माझ्याकडे गाऊन एकच, तो अंगावरच होता. तो चालणार नव्हता.

शेवटी जुन्या पडद्यांचा घोळदार झगा शिवला आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळची गाडी पकडली. जेमतेम दोन-अडीच तासांचा प्रवास, पण आरक्षण करून ठेवा. उतरल्यावर स्टेशनबाहेर पोहे-जिलेबी खा, स्वस्त आणि गरम. वंदनाकडे कपडे बदलून आम्ही चौघी एका ऑटोत शिरलो. चौघी मावलो, झगे मावेनात. ऑटोवाल्याने आरशात बघून शादी किसकी है, असं विचारलं. किसीकी नहीं, असं ऐकल्यावर बिचारा बिरसीपर्यंत गप्प होता.

गोंदियातल्या राइस मिल मागे पडल्या की दोन्ही बाजूंना कापलेली धानाची शेतं आणि पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे रचलेले ढीग. बस मोजक्याच, तेव्हा ऑटो जाऊन-येऊन ठरवलेला बरा. बिरसीत विमानतळ आहे, वैमानिकांची शाळाही. शिकाऊ विमानं डोक्यावरून घिरट्या घालतात. गावकरी मान वर करत नाहीत. मी प्रत्येक वेळी केली.

कार्यक्रम समाजमंदिराच्या अंगणात होता. त्या काळी कितीतरी बायका पुरुषाच्या नावाने लिहायच्या, म्हणून दारातच प्रत्येकीला एक पुरुषी नाव छातीवर लावायला मिळत होतं. मी बळीराम झाले, वंदना वामनराव. जेवणात भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी आणि इंग्लंडच्या मानाखातर केक.

जेवणानंतर एका कादंबरीतला प्रवेश होता. श्रीमंत माणूस मागणी घालतो आणि नायिका नाही म्हणते, एवढाच. नायिका होती मयूरी, गावातल्याच एका धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. पडद्यामागे ती घामाघूम झाली होती. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांना वडिलांनी कौतुकाने थेट कार्यक्रमालाच आणलं होतं. मुलाची आई दुसऱ्या रांगेत बसली होती, छातीवर 'हरिभाऊ'. मयूरीला आधी बीएड करायचं होतं, पण हे तिने वंदनाखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. प्रवेश गाळू या, असं वंदना म्हणाली. मयूरी टोपी सावरून पडद्याबाहेर गेली.

मागणी घालून झाली. मयूरीने तोंड उघडलं आणि नेमकं विमान आलं. तिचे ओठ हलले, ऐकू काहीच आलं नाही. लोक हसले. ती थांबली. आवाज पार विरल्यावर तिने वाक्य पुन्हा म्हटलं, पण लिहिलेलं नव्हे, आपल्या बोलीत.

"तुमच्याजवळ वाडा आहे, गाडी आहे, म्हणून मी हो म्हणू काऊन? मले आत्ता लगन नाही करायचं."

तिचे वडील उठून बाहेर गेले. प्रवेश संपल्यावर हरिभाऊ, म्हणजे मुलाची आई, सरळ मयूरीसमोर येऊन उभी राहिली.

"हे पुस्तकातली बाई बोलली का तू?"

"पयले ते बोलली," मयूरी म्हणाली. "आता मी बोलून राहिली."

मग बाईंनी चहा तरी पाजशील की नाही, असं विचारलं. चहा पिताना त्या नायिकेचं शेवटी लगन झालं का, याची त्यांनी वंदनाकडे खोदून चौकशी केली आणि जाताना पुस्तक मागून नेलं.

रविवारी आम्ही नागझिऱ्याला गेलो. सफारी आधी ऑनलाइन बुक करा, पावसाळ्यात जंगल बंद असतं. वाघ दिसला नाही. रानगवा दिसला, पण आमचं सगळं बोलणं मयूरीच्या वडिलांवरच. ते लेकीशी बोलत नव्हते.

घरी परतून झगा धुतला, मेथी निवडली, पण लक्ष फोनकडे. आठवड्याने वंदनाचा फोन आला. मयूरीचे वडील ग्रंथालयात आले होते. नाटकात बापाचं काम नव्हतं काऊन, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्या खेपेला आपल्याला घ्या, मागणी घालणाऱ्याला उत्तर द्यायला एकच वाक्य द्या. कोणतं, असं वंदनाने विचारलं.

"मले कायले इचारता? पोरीले इचारा."