बंद दवाखान्यातली मुलाखत

सौदी अरेबियातल्या अल खर्जमधला तो खासगी दवाखाना बंद झाला, तेव्हा कौमुदी देवरुखकर तिथे सतरा वर्षं नोकरीत होती. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, मेडिकल रेकॉर्डचं काम लिहिलेलं, पण हजेरीपासून सुट्ट्यांच्या नोंदींपर्यंत सगळं तीच बघायची. बाकीचे परदेशी लोक एकेक करून गेले. कौमुदीही रत्नागिरीला, नवरा बाळकृष्णकडे, परतायच्या तयारीला लागली होती. दोन बॅगा भरून झाल्या होत्या, तिसरी उघडी होती.

तेवढ्यात मैमुना आली. नऊ वर्षं रिसेप्शनवर बसलेली ही सौदी बाई आयुष्यात पहिल्यांदाच बेरोजगार भत्त्यासाठी अर्ज करून आली होती, आणि अर्ज नामंजूर झाला होता.

"उम्म ओवी, हे बघ," तिने मोबाइल पुढे केला. उम्म म्हणजे आई; कौमुदीच्या लेकीचं नाव ओवी, म्हणून मैमुना तिला अशीच हाक मारायची. "म्हणे मी राजीनामा दिला! मी कधी दिला?"

कौमुदीने मॅनेजर जलालना फोन लावला. ते आधीच रियाधला दुसऱ्या नोकरीत रुजू झाले होते.

"सिस्टर, कारणांच्या यादीत राजीनामा सगळ्यात वर होता," ते म्हणाले. "घाईत होतो. अकराही सौदी बायकांना तेच लावलं. सरकारी वेबसाइटवरचं तुझं लॉगिन चालू आहे ना? तूच दुरुस्त कर. ते झाल्याशिवाय तुझा देश सोडायचा एक्झिट व्हिसा काढता येणार नाही, कारण मग दुरुस्त करायला कोण उरणार?"

अशा रीतीने बंद दवाखान्यात एकच कर्मचारी राहिली, आणि बाकीच्यांना रीतसर बेरोजगार करणं हे तिचं काम ठरलं.

रिसेप्शनच्या काउंटरमागे दोघी खुर्च्या ओढून बसल्या. वीज अजून तोडलेली नव्हती. कौमुदीने कारण बदलून 'आस्थापना बंद' केलं. मैमुनाने पुन्हा अर्ज भरला. मोबाइलवर कोड आला, तो टाकला. बँकेचा नंबर टाकला. 'मी काम करण्यास सक्षम असून कामाच्या शोधात आहे' या ओळीपुढे खूण केली. मग मुलाखतीला वेळेवर कसं पोहोचावं यावरचा एक व्हिडिओ लागला. तो मधेच थांबवता येत नव्हता. दोघींनी तो शेवटपर्यंत पाहिला, आणि शेवटचे प्रश्न कौमुदीनेच सोडवले.

चार दिवसांनी मैमुना धावतच आली. "वेबसाइटने मला नोकरी सुचवलीय! योग्य नोकरी नाकारली तर भत्ता थांबतो. जागा रिसेप्शनिस्टची, अल खर्जमध्येच."

"मग कर ना अर्ज. कुठे आहे?"

"इथे."

दवाखान्याची गेल्या वर्षीची जाहिरात वेबसाइटवरून कुणी काढलीच नव्हती. मैमुनाने तिथेच उभ्या उभ्या अर्ज केला. काउंटरवरच्या कॉम्प्युटरने टिंग केलं. अर्ज कौमुदीकडे आला होता.

"आता मुलाखत घ्यावी लागेल," कौमुदी म्हणाली. "तारीख, वेळ, प्रश्न, उत्तरं, सगळं भरायचंय."

"मग घे की. बसलेच आहे मी."

कौमुदीला खोटं काही लिहायचं नव्हतं. तिने चष्मा लावला आणि ताठ बसून विचारलं, "मागची नोकरी का सोडलीत?"

"दवाखाना बंद झाला."

"कुठला?"

"हाच!"

"आमच्याकडे का यावंसं वाटतं?"

मैमुनाने काउंटरवरून हात फिरवला. "घर जवळ आहे," ती म्हणाली. "आणि तू आहेस."

कौमुदीने मान खाली घातली आणि 'घर जवळ' एवढंच टाइप केलं. आता नकाराचं कारण निवडायचं होतं. पर्याय तीनच होते: उमेदवार आली नाही, पगार जुळला नाही, अनुभव कमी. दवाखानाच नाही, असा पर्याय नव्हता.

"आली नाही लिहिलं, तर तुझा भत्ता अडेल. पगाराचंही तेच. राहिलं अनुभव कमी."

"अनुभव कमी?" मैमुना उठून उभी राहिली. "या खुर्चीत नऊ वर्षं काढली मी! पेशंट गेटातून आत आला की त्याचा फाइल नंबर सांगायचे!"

"माहीत आहे गं मला."

"मग तसं लिही!"

"लिहिलं तर तुला नोकरी द्यावी लागेल, मैमुना. आणि पगार कोण देणार?"

मैमुना पर्स उचलून बाहेर गेली. पाच मिनिटांनी परत आली. डोळे पुसलेले होते. "दाब," ती म्हणाली. "पण मी तिकडे बघणार नाही."

तिने पाठ फिरवली आणि कौमुदीने बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात उरलेल्या दहाजणींना तीच नोकरी सुचवली गेली. तोवर जाहिरात काढायचा पासवर्ड जलालना सापडला नव्हता. कौमुदीने दहाही मुलाखती घेतल्या. एकीला रडू आलं, एक कॉफीचा थर्मास घेऊन आली, एकीने पगार वाढवून मागितला. सगळ्यांचा अनुभव कमी निघाला. सगळ्यांचे भत्ते मंजूर झाले.

पासवर्ड सापडल्यावर कौमुदीने जाहिरात काढली, आणि जलालनी तिचा एक्झिट व्हिसा काढला. रियाधच्या विमानतळावर मैमुनाच तिला सोडायला आली. विमानतळावर बॅगा ट्रॉलीवर चढवताना मैमुनाने विचारलं, "तुला तिकडे भत्ता मिळतो का?"

"नाही गं. बाळकृष्ण म्हणतो, आता आराम कर."

"त्याचा अर्ज कुठे करायचा?" मैमुनाने अगदी गंभीरपणे विचारलं.

कौमुदी ट्रॉलीला धरून इतकी हसली की मागचे लोक वळसा घालून पुढे गेले.