मास्तरांचं एक ‘आहे’

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी आमच्या इंग्रजीच्या मास्तरांइतका खरं बोलणारा माणूस सापडणार नाही, आणि खरं बोलून इतक्यांच्या डोक्याचा भुगा करणाराही सापडणार नाही. कराडजवळच्या आमच्या हायस्कुलात ते आठवीला इंग्रजी शिकवत. इंग्रजी म्हणजे ‘सीम’, म्हणजे ‘तसं दिसणं’, हे एकच क्रियापद. जूनमध्ये त्याची शेंडी धरली की दिवाळीपर्यंत सोडत नसत. “लक्षण तसं आहे, पण शपथेवर सांगता येत नाही, तिथं सीम वापरावं,” असं म्हणून ते खिडकीबाहेर बोट करत. “तो बैल दमलाय, हे तुला बैलानं सांगितलं? नाही ना? मग दमलेला दिसतो म्हण.” इतर मास्तर क्रियापद वर्गात ठेवून घरी जात, आमचे अंगात घालून जात. हजेरीपटावर त्यांनी ‘हजर दिसतो’ असा शेरा मारला, तेव्हा हेडमास्तरांनी दोन दिवस रजा काढली. घरी चहाचा घोट घेऊन म्हणत, “साखर घातलेली दिसते.” एकदा वैतागून बायकोनं मीठ घातलं, तर “चुकलेलं दिसतं” म्हणत कप रिकामा केला.

कराडच्या स्टँडवर एकदा पाटी वाचून ते कंडक्टरला म्हणाले, “ही गाडी सांगलीला जाणार असं दिसतं.”

“दिसतं न्हवं मास्तर, जाती. बसा की.”

“जाते का, ते पोहोचल्यावर बोलू.”

कंडक्टरनं घंटी मारली, मास्तर खालीच राहिले. ती गाडी पेठनाक्यावर बंद पडल्याचं कळलं, तेव्हापासून महिनाभर मास्तर छाती काढून चालत होते.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांनी ते माझ्या लग्नात आणलं. आमच्याकडे स्थळ बघताना मुलाच्या घरी कुणी काही विचारत नाही. घरचे थापा मारणार हे धरलेलंच असतं. मुलीकडचा माणूस गुपचूप गावात उतरतो आणि न्हावी, शिंपी करत शेवटी मास्तरांच्या ओट्यावर येतो. दुष्काळ सरला त्या साली मी साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. सांगलीकडची एक मुलगी बघून आलो आणि माझं जेवणच तुटलं, म्हणजे आठ भाकरींवरून सहांवर आलं. चौकशीला आले मुलीचे मामा, पलटणीतले जुने सुभेदार.

“पोरगं कसं हाय, मास्तर?”

“चांगला दिसतो.”

“दारूबिरू?”

“पीत नसावा, असं दिसतं.”

सुभेदारांनी टोपी घातली आणि पहिली गाडी पकडली. पलटणीत ज्याच्याबद्दल असा रिपोर्ट येतो, त्याच्यावर पहारा बसवतात. मुलगी इतक्यात द्यायची नाही, असा तिकडून निरोप आला.

आई तडक मास्तरांच्या दारात. “आवं गुरुजी, माझं पोरगं चांगलं हाय म्हणाया काय जीभ झडती का?”

“वैनी, मला जेवढं दिसतं तेवढंच मी...”

“मग नीट बघा की.”

मास्तरांनी ते मनावर घेतलं. पंधरा दिवस ते माझ्या पाठीवर. कारखान्याच्या गेटवर माझ्या यायच्या वेळा बघितल्या, पानवाल्याची उलटतपासणी घेतली, बोलता बोलता माझ्या तोंडाचा वास घेतला. सोळाव्या दिवशी सकाळी कराडला सांगलीच्या गाडीत कंडक्टरला काहीएक न विचारता चढले.

पुढचं मामांनीच लग्नानंतर सांगितलं. “पाणीबी घेतलं न्हाई गड्या. उभ्या उभ्या म्हणालं, मुलगा चांगला आहे, तसा निघाला नाही तर माझ्याकडे या. आन् मग मटकन खाली बसून घाम पुसाय लागलं.”

पुढे मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. मला म्हणाले, “काय रे, तो शब्द मागं घ्यावा लागेल का?”

मी बायकोकडे बघितलं. तिनं सावकाश पदर सारखा केला. “अजून तरी न्हाई, गुरुजी.”

“वाक्य बरोबर आहे,” मास्तर म्हणाले आणि समाधानानं डोळे मिटून पडले.

माझा आवाज चढला की बायको खिडकीतून मास्तरांच्या ओट्याकडे बघायची. आता ते दार बंद असतं. ती अजून तिकडंच बघते, आणि माझा आवाज खाली येतो.